लग्नाआधी गुप्तरोगाची तपासणी: काहीच त्रास नसताना पुरुषाने नेमकं काय तपासावं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "वय 29. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी. चार महिन्यांनी, तुळशीचं लग्न झालं की माझं लग्न आहे. पुण्यात असताना एका मैत्रिणीशी वर्षभर संबंध होते, ते संपूनही आता वर्ष झालं. शिवाय सहा आठवड्यांपूर्वी एकदा पैसे देऊन संबंध आला, त्यात सुरुवातीला कंडोम नव्हता. मला काहीही त्रास नाही. तरी तपासणी करावी का? कुठली? लॅबवाला पंधरा-वीस तपासण्यांचं पॅकेज सांगतोय. आणि घरी कळेल का?"

तपासणी जरूर करा, पण सुरुवात पॅकेजपासून करू नका. कुणाशी, कशा प्रकारचा आणि कोणत्या तारखेला संबंध आला, हे आधी त्वचा व गुप्तरोगाच्या डॉक्टरला खरंखरं सांगा. कुठल्या तपासण्या करायच्या, त्या शरीराच्या कुठल्या जागेच्या आणि कधी करायच्या, हे त्या तीन गोष्टींवरून ठरतं. इतकी वर्षं कोल्हापुरात हे काम करताना एक गोष्ट सतत दिसते. पुरुष रक्त द्यायला लगेच तयार होतो, माहिती द्यायला होत नाही. आणि माहितीशिवाय काढलेला 'सगळं निल' असा रिपोर्ट बऱ्याचदा भलत्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

'त्रास नाही' यात तुमची काही चूक नाही, हे आजारच तसे आहेत. परमा, म्हणजे गोनोरिया, पुरुषाला सहसा कळतो. संबंधानंतर दोन ते आठ दिवसांत लघवीला आग होते, पू येतो, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. क्लॅमिडिया मात्र निम्म्याहून अधिक पुरुषांत मुका राहतो आणि महिनोन्‌महिने मूत्रमार्गात टिकतो. तुमचा वर्षापूर्वीचा संबंध विचारात घ्यायचा तो यासाठीच. गरमी, म्हणजे सिफिलिस, त्याहून फसवी. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (कधी दहा दिवसांत, कधी तीन महिन्यांनी) एक फोड येऊन त्याची जखम होते. ती दुखत नाही. कातडीच्या आत किंवा गुदद्वाराशी असली तर दिसतही नाही, आणि औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. माणसाला वाटतं, बरं झालं. जंतू मात्र रक्तात पसरलेला असतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे लालसर चट्टे उठतात. ते पित्त किंवा नायटा समजून मेडिकलमधून आणलेली मलमं लावली जातात, चट्टे आपोआप जातात आणि आजार वर्षानुवर्षं दडून बसतो. एच.आय.व्ही. आणि कावीळ बी, म्हणजे हिपॅटायटिस बी, यांचंही तसंच, माणूस धडधाकट दिसतो आणि संसर्ग पुढे जात राहतो.

आपल्याकडे बाईला निदान एक दार उघडं असतं. दिवस गेले की सरकारी असो वा खासगी, एच.आय.व्ही., व्ही.डी.आर.एल. (सिफिलिसची रक्ततपासणी) आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या होतात. पुरुषाला असं एकही दार नाही. त्यामुळे कितीतरी नवऱ्यांची तपासणी बायकोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर होते, तेव्हा पोटातलं बाळही धोक्यात आलेलं असतं. उपचार न झालेल्या सिफिलिसने गर्भपात होतो, बाळ पोटात दगावतं, किंवा आजार घेऊन जन्मतं. क्लॅमिडिया आणि गोनोरियाने बाईच्या गर्भनलिका बंद होऊ शकतात. नलिका बंद होण्यामागे आपल्याकडे क्षयही असतो हे खरं, पण मूल होत नाही म्हणून बोल लावला जातो तो बाईलाच. तुम्ही लग्नाच्या आधी विचारताय, याचं मला मनापासून मोल वाटतं.

आता तारखांकडे येऊ. संसर्ग झाला की तपासणी लगेच पॉझिटिव्ह येत नाही, मधल्या काळाला आम्ही विंडो पीरियड म्हणतो. वर्षापूर्वीच्या संबंधाच्या बाबतीत तो कधीच संपला, आजच्या तपासण्या त्याचं पूर्ण उत्तर देतील. सहा आठवड्यांपूर्वीच्या संबंधाचं तसं नाही. क्लॅमिडिया-गोनोरियाची लघवीची पीसीआर (जंतूचा अंश शोधणारी तपासणी) दोन आठवड्यांनंतर भरवशाची, म्हणजे ती आज करता येईल. एच.आय.व्ही.साठी चौथ्या पिढीची, अँटिजेन (विषाणूचा अंश) आणि अँटिबॉडी (त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) दोन्ही बघणारी, प्रयोगशाळेतली तपासणी 45 दिवसांनंतर करावी, म्हणजे तुम्ही आणखी आठवडाभर थांबा. बोटाला टोचून केली जाणारी रॅपिड तपासणी निगेटिव्ह आली तर ती तीन महिन्यांनी परत करायची. सिफिलिसची आत्ता एकदा आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर परत, कारण जखमच उशिरा येऊ शकते आणि रक्तातली तपासणी त्यानंतर पॉझिटिव्ह होते. कावीळ बीची तपासणीही तीन महिन्यांवर परत केली की प्रश्न मिटतो. तुमच्या लग्नाला चार महिने आहेत. हे सगळं त्याआधी नीट बसतं, घाई करायचं कारण नाही. फक्त तोवर कुणाशीही संबंध आला तर कंडोमशिवाय नको, नाहीतर सगळ्या तारखा परत पहिल्यापासून मोजाव्या लागतील.

हे वाचणाऱ्या आणखी कुणासाठी एक सांगून ठेवतो. धोक्याचा संबंध येऊन 72 तास झाले नसतील, तर विंडो पीरियडची वाट बघत घरी बसू नका. एच.आय.व्ही. टाळण्यासाठी 28 दिवसांच्या गोळ्या असतात. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितका उपयोग, 72 तासांनंतर नाही. रात्री-अपरात्रीही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन विचारा.

रक्त आणि लघवीच्या आधी अंगाची तपासणी आहे, आणि नेमकी तीच टाळली जाते. थेट लॅबमध्ये जाणाऱ्याची कातडी मागे ओढून कुणी बघत नाही. न दुखणारी जखम, चामखिळीसारखे मस, जांघेतल्या गाठी, वृषणाची सूज, तळहातावरचे चट्टे, तोंडातले पांढुरके डाग, हे रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही. पाच मिनिटं लागतात. लाज वाटते हे समजतं, पण डॉक्टरच्या दृष्टीने तो शरीराचा एक भाग आहे. उलटही घडतं. कित्येकांच्या शिश्नाच्या बोंडाच्या कडेला एका ओळीत बारीक मोत्यांसारखे दाणे असतात, ते तिळासारखे निरुपद्रवी. ते बघून महिनोन्‌महिने झोप उडालेली मुलं येतात, एका नजरेत त्यांची चिंता दूर होते. कातडीला वारंवार चिरा पडून पांढरं साचत असेल तर बऱ्याचदा ती बुरशी असते आणि मागे मधुमेह असतो. तिथे व्ही.डी.आर.एल.च्या आधी साखर बघावी लागते. तालमीतली पोरंही विचारतात, लंगोट एकमेकांचे वापरले, मातीत अंगाला अंग घासलं, गरमी होईल का? नाही होणार. आखाड्यातून नायटा पसरतो, खरूज पसरते, पाण्याच्या फोडासारखे मोलस्कमचे दाणे पसरतात, तोंडाच्या नागिणीचा (हर्पिसचा) विषाणूही पसरू शकतो. परमा आणि एच.आय.व्ही. तिथून येत नाहीत.

लघवीच्या तपासणीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून ते सावकाश सांगतो. लॅबमध्ये 'युरिन रुटीन' आणि 'युरिन कल्चर' करून 'इन्फेक्शन नाही' असा कागद घेऊन लोक निर्धास्त होतात. साधं कल्चर मूत्राशयाच्या संसर्गाचे नेहमीचे जंतू वाढवण्यासाठी असतं. क्लॅमिडिया त्यात वाढतच नाही, गोनोरियाला वेगळं माध्यम लागतं. आपल्याला हवी असते ती न्यूक्लिक ॲसिडची तपासणी, कोविडच्या वेळी नाकातल्या नमुन्यावर व्हायची त्याच जातीची पीसीआर. तिचा नमुना वेगळा द्यायचा. कल्चरसाठी सुरुवातीची धार सोडून मधली घेतात, इथे बरोबर उलटं. निदान तासभर लघवी रोखून धरायची, आधी ती जागा धुवायची नाही, आणि पहिल्या धारेचीच साधारण 20 ते 30 मिली लघवी डबीत घ्यायची. मूत्रमार्गाच्या भिंतीवरचे जंतू त्या पहिल्या धारेबरोबर वाहून येतात. डबी गच्च भरून दिली तर ते पातळ होतात. लॅबमधल्या मुलाने सवयीने 'मधली धार घ्या' म्हटलं तर त्याला 'पीसीआरसाठी आहे' असं स्पष्ट सांगा. कोल्हापुरातून हे नमुने बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबकडे जातात, रिपोर्टला काही दिवस लागतात.

आणि जागा. लघवीच्या तपासणीत मूत्रमार्ग कळतो, घसा कळत नाही आणि गुदद्वारही कळत नाही. मुखमैथुनातून गोनोरिया घशात बसतो आणि तिथे बहुधा काहीच त्रास देत नाही. पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतील तर घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब घेतल्याशिवाय तपासणी अपुरी राहते, लघवी निगेटिव्ह आणि गुदद्वार पॉझिटिव्ह असे कितीतरी निघतात. अशा मित्रांना माझं सांगणं आहे की डॉक्टरला हे सांगा. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, आणि तुम्हाला उपदेश ऐकवणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा. तुम्हा मित्रांसाठी तपासणी वर्षातून किमान एकदा, जोडीदार बदलत असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी. लग्न झालेले कितीतरी पुरुष यात आहेत. त्यांनी 'बायकोशिवाय कुणी नाही' असं सांगितलं की आमचे हात बांधले जातात.

सिफिलिसच्या रक्ताच्या दोन तपासण्या असतात आणि दोन्ही लागतात. व्ही.डी.आर.एल. किंवा आर.पी.आर. ही आजाराचा जोर सांगते, पण दुसऱ्या काही आजारांतही खोटी पॉझिटिव्ह येते. टी.पी.एच.ए. ही त्याच जंतूविरुद्धची, पण एकदा पॉझिटिव्ह झाली की उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर तशीच राहते. म्हणून टी.पी.एच.ए. पॉझिटिव्ह बघून दरवर्षी नव्याने इंजेक्शनं घ्यायची नसतात. व्ही.डी.आर.एल.च्या रिपोर्टवर 1:8, 1:32 असा आकडा असतो, दुसरा आकडा मोठा तितका जोर जास्त. उपचारानंतर तो निदान चार पटींनी उतरला पाहिजे, म्हणजे 1:32 चा 1:8 किंवा त्याखाली. नुसतं 'रिॲक्टिव्ह' लिहिलेला कागद अर्धवट आहे, आकडा मागून घ्या. उपचार जुनाच आणि आजही तोच सर्वांत चांगला: बेन्झाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट कमरेत, सुरुवातीच्या आजारात एकदा, जुन्या किंवा किती जुना हे न कळणाऱ्या आजारात आठवड्याच्या अंतराने तीनदा. पहिल्या दिवशी थंडीताप भरला तर बहुतेकदा ती जंतू मरतानाची प्रतिक्रिया असते, तरी डॉक्टरला फोन करून सांगा. उपचाराचे कागद जन्मभर जपा. आखाती देशातल्या नोकरीच्या मेडिकलला जाताना टी.पी.एच.ए. पॉझिटिव्ह निघालं तर तेच कागद दाखवावे लागतात.

पॅकेजमधल्या काही तपासण्या पैसे घालवतातच, शिवाय डोकं उठवतात. नागिणीच्या विषाणूची रक्तातली आय.जी.जी. (कधीतरी झालेल्या संसर्गाची अँटिबॉडी) ही त्यातली पहिली. तोंडाच्या नागिणीचा विषाणू लहानपणीच अनेकांना येऊन जातो, मग पॉझिटिव्ह कागद बघून माणूस स्वतःला रोगी समजतो. फोड असतील तेव्हा त्याच फोडाचा स्वॅब घ्यावा, नसतील तर ही तपासणी करू नये. क्लॅमिडियाची रक्तातली आय.जी.जी.-आय.जी.एम. आज मूत्रमार्गात जंतू आहे की नाही हे सांगत नाही. आणि दहा-बारा जंतूंची एकत्र पीसीआर करून यूरियाप्लाझ्मा, गार्डनेरेला वगैरे नावं असलेला रिपोर्ट देतात, ते तर धडधाकट माणसांतही सापडतात. मग त्यावर महिनाभर अँटिबायोटिक्स चालतात आणि फायदा शून्य. एच.पी.व्ही., म्हणजे मस आणणारा विषाणू, त्यासाठी पुरुषांची मान्यताप्राप्त चाळणी (स्क्रीनिंग) तपासणी नाही, मस आहेत का हे डोळ्यांनी बघायचं असतं. हिपॅटायटिस सी मुख्यतः रक्तातून, सुयांतून जातो. नशेची इंजेक्शनं, बऱ्याच वर्षांपूर्वी चढवलेलं रक्त किंवा पुरुषांशी संबंध असतील तर त्याची तपासणी जरूर करा.

सरसकट प्रत्येक पुरुषाची क्लॅमिडिया-गोनोरिया तपासणी करा, असंही मी म्हणत नाही. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2021 मध्ये पंचविशीच्या आतल्या लैंगिकदृष्ट्या सक्रिय मुलींसाठी ती सुचवली, पुरुषांसाठी मात्र पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं. एच.आय.व्ही.ची तपासणी आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने करावी. बाकी सगळं तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवर. तुमच्या हकिकतीत क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस, एच.आय.व्ही. आणि हिपॅटायटिस बी एवढ्या पाच गोष्टी येतात, आणि एकदा अंगाची तपासणी.

एक कळकळीची विनंती. फुकटात तपासणी होते म्हणून रक्तदान शिबिरात जाऊ नका. आपल्याकडे वाढदिवसाला, जयंतीला, गणपतीत शिबिरं होतात आणि काही मुलं याच हेतूने पलंगावर झोपतात. रक्तपेढी एच.आय.व्ही., कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया तपासते, पण तुम्ही विंडो पीरियडमध्ये असाल तर ती पिशवी निगेटिव्ह म्हणून पुढे जाऊ शकते आणि एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या लेकराला चढू शकते. प्रश्नावलीत 'धोक्याचा संबंध आला का' असं विचारतात, तिथे खरं सांगून बाजूला व्हा. शिबिरात मित्रांसमोर सांगता येत नसेल तर ताप येऊन गेला म्हणा, पण रक्त देऊ नका.

कुठे जायचं? सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, एच.आय.व्ही.चं समुपदेशन व तपासणी केंद्र आहे, तपासणी मोफत आहे. अशी केंद्रं इचलकरंजीच्या आयजीएमसारख्या (इंदिरा गांधी रुग्णालय) सरकारी रुग्णालयांत आणि गडहिंग्लजसारख्या उपजिल्हा रुग्णालयांतही असतात. ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने आपली माणसं मिरजेला किंवा बेळगावला जातात. हरकत नाही, फक्त जा. पहिली तपासणी रिॲक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर खात्री केल्याशिवाय 'पॉझिटिव्ह' म्हणत नाहीत, म्हणून एका कागदावरून खचून जायचं नाही. इतर गुप्तरोगांसाठी सरकारी रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे औषधांची रंगीत किट मिळतात. लघवीतून पू येणाऱ्याला राखाडी, जखम असणाऱ्याला पांढरं, नागिणीला लाल. ही किट लक्षणांवरून दिली जातात, लक्षणं नसलेल्या माणसाला लघवीच्या पीसीआरसाठी बहुधा खासगी लॅबच गाठावी लागते. काही विचारायचं असेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे.

भिंतीवर रंगवलेले 'गुप्तरोगावर हमखास इलाज' मात्र टाळा. गुप्तरोग बरा करण्याच्या अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. मेडिकलमधून परस्पर सिप्रो किंवा ॲझिथ्रो ही अँटिबायोटिक्सही घेऊ नका. गोनोरिया सिप्रोला आता मोठ्या प्रमाणात दाद देत नाही, आणि अर्धवट औषधाने लक्षणं दबतात. आधीच काही घेतलं असेल तर त्याचं पाकीट घेऊन या.

घरी कळेल का? एच.आय.व्ही.विषयीचा 2017 चा कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, तुमच्या संमतीशिवाय तपासणी आणि तुमच्या परवानगीशिवाय निकाल उघड करणं दोन्हींना मनाई करतो. त्याला एक अपवाद आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल, जोडीदाराला खरा धोका असेल आणि समुपदेशनानंतरही तुम्ही सांगणार नसाल, तर तुम्हाला कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. व्यवहारात मात्र गुपित फुटतं ते व्हॉट्सॲपवर. लॅबला वडिलांचा किंवा घरच्या फॅमिली डॉक्टरचा नंबर देऊ नका, कंपनीच्या विम्यातून ही तपासणी करू नका, आणि रिपोर्ट हातात घ्या.

काही निघालंच तर? क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस पूर्ण बरे होतात. एच.आय.व्ही.चं औषध सरकारी केंद्रात मोफत आहे, ते रोज घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न होतं, निरोगी मूलही होतं, पण आधी सांगून. क्लॅमिडिया किंवा सिफिलिस निघाला तर पुण्याच्या मैत्रिणीला कळवायला हवं. अवघड आहे, पण तिलाही त्रास न होता आजार असू शकतो. दोन ओळींचा मेसेज पुरे: 'माझा अमुक रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तू तपासून घे.' क्लॅमिडिया-गोनोरियाच्या उपचारानंतर सात दिवस संबंध नको, सिफिलिसमध्ये डॉक्टर सांगतील तोवर नको, आणि क्लॅमिडिया-गोनोरियाची तपासणी तीन महिन्यांनी परत करायची, कारण पुन्हा लागण होणं फार सामान्य आहे.

हिपॅटायटिस बी निगेटिव्ह आला तर त्याच आठवड्यात लस सुरू करा. सरकारी लसीकरणात ती देशभर 2011 च्या सुमारास आली, त्यामुळे तुमच्या वयाच्या बहुतेकांना लहानपणी मिळालेली नसते. आज एक, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा डोस. दोन लग्नाआधी होतील, तिसरा लग्नानंतर येईल, तो चुकवू नका. पॉझिटिव्ह आला तर यकृताची पुढची तपासणी करायची, आणि होणाऱ्या बायकोला सांगून तिची तपासणी व लस लग्नाआधी सुरू करायची. तिला लस मिळाली की तुमच्याकडून ही कावीळ जाण्याचा धोका जवळपास संपतो.